सिंगापूर किती तासांवर?
(संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मंडळात केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे, तेव्हा विमानाविषयी मी बोलावे हे धाडसच. पण गेल्या वर्षी लेकीच्या बाळंतपणासाठी सिंगापूरला जाऊन आले. त्या प्रवासात हिशेबाची जी चूक मी केली, ती तुमच्यापैकी कोणाच्या हातून होऊ नये, म्हणून उभी राहिले आहे.

मुंबईहून सिंगापूर हवाईमार्गे सुमारे ३,९०० किलोमीटर, म्हणजे कोलकात्याच्या दुपटीहून जास्त लांब. माझ्या तिकिटावर होते, मुंबई रात्री साडेअकरा, सिंगापूर सकाळी साडेसात. मी बोटांवर मोजले, आठ तास! म्हणून भरपूर दशम्या बांधून घेतल्या. प्रत्यक्षात विमान साडेपाच तासांत उतरले आणि दशम्या जावयांनी खाल्ल्या.

त्यांनीच मला समजावले. तिकिटावर निघण्याची वेळ आपल्या घड्याळाची आणि उतरण्याची वेळ तिथल्या घड्याळाची असते. सिंगापूरचे घड्याळ आपल्या अडीच तास पुढे आहे. पूर्वी दोनच तास पुढे होते. शेजारच्या मलेशियाने आपली वेळ बदलली तेव्हा, १९८२ सालच्या १ जानेवारीपासून, सिंगापुरानेही घड्याळ अर्धा तास पुढे केले. सूर्याने काही ते मानलेले नाही. तिथे उजाडायला सकाळचे सात वाजतात, आणि माझ्यासारख्या पहाटे उठणाऱ्या बाईला अंधारात नुसते बसून राहावे लागते.

एवढे कळूनही परतताना फसलेच. आईला एकाएकी दवाखान्यात ठेवल्याचा निरोप आला. मिळेल ते तिकीट काढले. सिंगापूर सायंकाळी सात, मुंबई रात्री दहा. विमानात बसता बसता भावाला फोन केला, "आता निघते, तीन तासांत पोचते." आपल्याकडे तेव्हा साडेचार वाजत होते. भावाने सरळ हिशेब केला आणि आईला सांगितले, ताई साडेसातला येते.

त्या रात्री नऊला आईचे ऑपरेशन ठरले होते. लेकीला पाहिल्यावाचून आत जाणार नाही, असा तिचा हट्ट. साडेसात झाले, आठ झाले, ताईचा पत्ता नाही. फोन लागेना. विमानाचे काही बरेवाईट झाले असे तिने मनात घेतले, रक्तदाब चढला, आणि डॉक्टरांना ऑपरेशन सकाळवर टाकावे लागले. इकडे मी वर आकाशात, वेळेवर चालले आहे म्हणून निश्चिंत!

दहाला उतरले. पासपोर्ट, सामान, टॅक्सी करता करता दवाखान्यात शिरायला साडेअकरा झाले. आईने माझा हात धरला आणि म्हणाली, "कुठे होतीस गं इतका वेळ?"

म्हणून सांगते, कोणाला वेळ कळवाल तेव्हा वाट पाहणाऱ्याच्या घड्याळातली कळवा, आणि विमान उतरल्यापुढचा दीड तास त्यात धरा.

ऑपरेशन सकाळी सुखरूप झाले. आई आज तिसऱ्या ओळीत बसली आहे, आणि भाषण आटपते घे म्हणून मघापासून खुणावते आहे. तेव्हा मी खाली बसते.