एकाच मातीची दोनदा घट

मी बी.ए. झालो तो मराठी घेऊन. कविता लिहितो. पोट मात्र कोल्हापूरजवळच्या शिरोली औद्योगिक वसाहतीतल्या एका फाउंड्रीच्या हिशेब खात्यावर चालले. असा माणूस संगणकाच्या कोडविषयी बोलायला बसला याचे तुम्हाला नवल वाटेल. मलाही वाटते. पण २०१० साली भंगार पुरवणारे एक मामा माझ्या टेबलाशी आले, खिशातून मळकी वही काढली आणि म्हणाले, "भाई, माल तेवढाच, माती तेवढीच. मग माती दोन येळा कशी वजा हुती?"

भंगाराला गंज असतो, माती असते. त्यापोटी वजनातून थोडी कपात करायची, तिला आम्ही घट म्हणतो. मामांच्या वहीत प्रत्येक खेपेचे वजन होते, घट होती आणि आमच्या बिलातला आकडा दर वेळी कमी होता. सहा आठवडे हे चालले होते. सहा आठवड्यांपूर्वीच आम्ही संगणकाची प्रणाली नव्या आवृत्तीवर नेली होती.

ही प्रणाली नॅव्हिजन. मूळची डेन्मार्कची, २००२ मध्ये मायक्रोसॉफ्टकडे आलेली. तिच्या मूळ कोडमध्येच हात घालून धंद्याच्या सोयीचे बदल करता येत. हीच तिची गोडी आणि हाच तिचा फास. कारण नवी आवृत्ती आली की तिच्यात आपले जुने बदल नसतात. ते पुन्हा मिसळावे लागतात.

आमच्या बदलांत एक ओळ अशी होती: वजनकाट्यावर घट धरली की नोंदीवर तशी खूण करावी. बिल करताना आमचाच दुसरा भाग ती खूण पाही आणि खूण नसली तरच घट धरी. मिसळणीत खूण करणारी ओळ गळाली. मग बिलाने पुन्हा माती काढली.

ओळ गळाली कशी? दोन फायली शेजारी शेजारी दाखवणारे साधन वापरले होते. एकीकडे आमची जुनी बदललेली फाईल, दुसरीकडे कंपनीची नवी. ती ओळ डावीकडे होती, उजवीकडे नव्हती. प्रोग्रॅमर पोरगा हुशार होता. त्याला वाटले, कंपनीनेच ही जुनी ओळ काढून टाकलेली दिसते. त्याने उजवी बाजू घेतली. निवड आमचीच होती. साधन मोफत मिळते एवढे पाहून मीही मान डोलावली होती.

हे कोडे मी आधी पाहिले होते, फक्त ओळखले नाही. माझ्या पहिल्या संग्रहाच्या वेळी मी कविता पुन्हा सुवाच्य लिहून पाठवल्या आणि संपादकांनीही आपली स्वच्छ प्रत केली. छापखान्यात दोन्ही शेजारी ठेवल्या. एका कवितेत माझ्या प्रतीत एक ओळ जास्त. ती मी वाढवली, की त्यांनी गाळली? माझे पहिले हस्तलिखित शोधून काढले तेव्हा उलगडा झाला. दोन प्रतींत फरक दिसतो, पण तो कुणी केला ते तिसरी, सर्वांत जुनी प्रतच सांगते.

संगणकाच्या जगात हे फार आधीच कळले होते. बेल प्रयोगशाळेत डग्लस मॅकिलरॉय यांनी १९७० च्या दशकात 'डिफ' केला, तो दोन फायलींचा. पुढे तीन फायलींचा 'डिफ-थ्री' आला. आम्हालाच ते उशिरा कळले.

२०१६ मध्ये पुन्हा आवृत्ती बदलायची वेळ आली तेव्हा मी हट्टाने बैठकीत बसलो. केडिफ-थ्री मोफत होते, तीन फायली दाखवत होते. बियॉंड कम्पेअर विकतचे, डोळ्याला सुखकर. पण साध्या मजकुराच्या साधनाला नॅव्हिजनची रीत कळत नाही. तिथे प्रत्येक फाईलच्या माथ्यावर तारीख, वेळ आणि आवृत्तीची यादी असते. ती सगळीकडे बदललेली, म्हणून साधन प्रत्येक फाईलपाशी ओरडते. शेकडो खोट्या हाका ऐकल्या की खऱ्या हाकेला माणूस बहिरा होतो. मायक्रोसॉफ्टने पॉवरशेलमध्ये दिलेल्या आज्ञांना मात्र तो माथा समजत असे. मूळ, आपली आणि नवी अशा तिन्ही प्रती त्यांना द्यायच्या. जिथे एकानेच बदल केला तिथे त्या स्वतः मिसळत, दोघांनी एकाच जागी हात घातला तिथे थांबून वाद नोंदवत. आम्ही सगळी मिसळण या आज्ञांनी केली आणि वादाच्या जागा केडिफ-थ्रीमध्ये उघडून डोळ्यांनी सोडवल्या. पुढच्या वर्षी जीएसटीचा बदललेला कोडही याच वाटेने आत घेतला.

वादाच्या प्रत्येक ओळीपाशी पोरगा विचारी, "सर, ही कशासाठी घातली होती?" निम्म्यांचे उत्तर कोडमध्ये कुठेच नव्हते. ते माझ्या डोक्यात होते, काही निवृत्त स्टोअरकीपरच्या. त्यांना घरून बोलावून आणले.

खुणेच्या ओळीवर या वेळी वाद आला नाही. मिसळण बिनबोभाट झाली आणि मी सुटकेचा श्वास टाकला. तो लवकर टाकला. गेल्या महिन्याची सगळी बिले जुन्या आणि नव्या प्रणालीवर चालवून आकडे ताडले, तेव्हा भंगाराची बिले पुन्हा कमी! ओळ होती. पण कंपनीने नोंद जतन करण्याची पायरी वर उचलली होती, आणि आमची खूण जतन झाल्यानंतर होत होती. शब्दांची टक्कर नाही म्हणून साधन गप्प. त्या रात्री मी वादांच्या यादीइतकीच 'आपोआप मिसळले' ही यादीही छापून घेतली आणि पेन्सिल घेऊन बसलो. साधन निवडताना ते किती प्रश्न स्वतः सोडवते हे सगळे विचारतात. सोडवलेले दाखवते का, हे मी विचारतो.

आता रीत पालटली आहे. नॅव्हिजनचे २०१८ मध्ये बिझनेस सेंट्रल झाले आणि २०१९ च्या उत्तरार्धातल्या आवृत्तीपासून मूळ कोडला हात लावण्याची जुनी पद्धत मागे पडली. आपले बदल वेगळ्या जोडणीत राहतात, मूळ प्रणाली ठरल्या जागी त्यांना हाक मारते. मिसळण गेली. हाक योग्य वेळी येते ना, हे मात्र बघावेच लागते.

मामांचे सहा आठवड्यांचे पैसे आम्ही २०१० मध्येच चुकते केले. २०१६ च्या दुरुस्तीनंतर पहिले बिल निघाले तेव्हा मी त्यांना मुद्दाम थांबवून घेतले. त्यांनी वही काढली, बोटाने ओळ शोधली, ओठांत आकडा पुटपुटले आणि वही परत खिशात घातली. चहा मात्र माझ्याच पैशाने प्यायले.