आणि शून्य असेल तर?

(दहावी १९९७ च्या तुकडीचा रौप्यमहोत्सवी मेळावा, कोथरूड, डिसेंबर २०२२. भाषणाचे शब्दांकन)



संयोजकांनी मला सांगितलं, "तू कॉम्प्युटरवाला. दहा मिनिटं कामाबद्दल बोल, पण आम्हाला कळेल असं बोल." पंचवीस वर्षांत मला ही अट माझ्या बायकोशिवाय कुणी घातली नव्हती. प्रयत्न करतो.

आपल्या शाळेतली कॉम्प्युटरची खोली आठवते ना? चपला बाहेर काढायच्या, एका यंत्रावर तिघांनी बसायचं आणि तिघांत भांडण. मी तिथून निघालो आणि आजही त्याच खोलीत आहे म्हणा ना. एका शिक्षणसंस्थेतली संगणकयंत्रणा सांभाळतो. विद्यार्थ्यांना खाती उघडून द्यायची, यंत्रं चालू ठेवायची आणि कुणी नको तिथे शिरणार नाही हे बघायचं. आज त्यातली एकच गोष्ट सांगणार आहे. ती याच वर्षीच्या प्रजासत्ताक दिनाच्या आदल्या रात्रीची आहे.

त्याआधी आपल्या गणिताच्या बाई. त्या समोरच बसल्या आहेत, म्हणून जपून बोलतो. कुठलंही उदाहरण फळ्यावर सोडवून झालं की बाई वळायच्या आणि विचारायच्या, "आणि शून्य असेल तर?" पेढे बारा, मुलं चार, प्रत्येकाला तीन. "आणि मुलं शून्य असतील तर?" मागच्या बाकावरून आम्ही म्हणायचो, "मग पेढे आम्ही खाऊ." वर्ग हसायचा. बाई हसायच्या नाहीत.

आता कामाची गोष्ट. मोठ्या संगणकावर शेकडो लोकांची खाती असतात. साध्या खात्याला आपल्यापुरतं काम करता येतं. सगळे अधिकार असलेलं खातं एकच, त्याला रूट म्हणतात. म्हणजे मुख्याध्यापकांच्या खोलीची किल्ली. पण साध्या माणसालाही कधीकधी त्या खोलीतलं काम पडतं. उदाहरणार्थ, स्वतःचा पासवर्ड बदलणं. त्यासाठी काही प्रोग्राम असे ठेवलेले असतात की चालवतो साधा माणूस, पण चालताना त्यांच्या हातात रूटची किल्ली असते. आपल्या शिपाईमामांसारखं. आपण चिठ्ठी द्यायची, मामा आत जाऊन काम करून यायचे. सगळी मदार एकाच गोष्टीवर असते, मामांनी चिठ्ठी नीट वाचण्यावर.

लिनक्स नावाच्या प्रणालीत असा एक मामा आहे, पीकेएक्झेक. पोलकिट नावाच्या संचाचा हा भाग मे २००९ मध्ये आला आणि जवळपास प्रत्येक लिनक्समध्ये आपोआप येऊन बसला. कुणी मागितला नव्हता, पण होता.

त्याची चूक हजेरीपटावरून सांगतो. समजा, एकाच पानावर आधी 'अ' तुकडीची यादी आहे आणि लगेच खाली 'ब' ची. प्रत्येक यादीच्या पहिल्या ओळीत वर्गशिक्षकांचं नाव, दुसऱ्या ओळीपासून मुलं, शेवटी 'यादी समाप्त'. मामांना सवय आहे : पहिली ओळ सोडायची, दुसरीपासून वाचायचं. आता कुणी 'अ' ची यादी पूर्ण रिकामी दिली, शिक्षकांचंही नाव नाही, तर? पहिल्याच ओळीत 'यादी समाप्त' आहे. मामा ती न बघता सोडतात आणि दुसरी ओळ वाचतात. ती 'ब' तुकडीची असते! एवढ्यावर थांबत नाही. वाचलेल्या नावाचा पूर्ण पत्ता शोधून ते त्याच ओळीवर खोडून लिहितातही. परक्या यादीत, रूटची किल्ली हातात असताना.

ही 'ब' यादी म्हणजे प्रोग्रामच्या भोवतालच्या सूचना. किल्लीवाल्या प्रोग्रामकडे जाण्याआधी प्रणाली त्यातल्या धोकादायक सूचना काढून टाकते. पण इथे गाळणी होऊन गेल्यावर मामाच आपल्या हाताने अशी एक सूचना परत लिहून ठेवतात. मग ती सूचना त्यांना सांगते, "अमुक ठिकाणचा कोड उचल." तो कोड हल्लेखोराचा असतो. साधं खातं क्षणात रूट होतं.

हा प्रोग्राम सी भाषेत लिहिलेला आहे. आमची पिढी ज्या भाषेवर वाढली ती ही. सी अतिशय वेगवान आणि अतिशय विश्वासू आहे. तुम्ही यादीची दुसरी ओळ मागितली की ती देते. दुसरी ओळ आहे का, हे ती विचारत नाही. मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये सांगितलं होतं की त्यांच्या उत्पादनांतल्या सुरक्षेच्या साधारण ७० टक्के चुका मेमरीच्या हाताळणीतल्या असतात.

ही चूक शोधली क्वालिस कंपनीच्या संशोधकांनी. या कंपनीचं मोठं कार्यालय पुण्यात आहे. तिचं नाव पडलं पोनकिट. नोव्हेंबर २०२१ मध्ये त्यांनी ती गुपचूप कळवली. दुरुस्त्या तयार झाल्यावर २५ जानेवारी २०२२ रोजी, आपल्या घड्याळात रात्री साडेदहाला, जाहीर केली. गंमत म्हणजे आदल्या वर्षी याच कंपनीने सुडो या प्रोग्राममधली तशीच चूक २६ जानेवारीला जाहीर केली होती. ती २०११ पासून होती. आमच्या धंद्यात ध्वजवंदनाला झोपाळू डोळ्यांनी उभे असलेले लोक दिसले तर समजून घ्या.

त्या रात्री मी डहाणूकर कॉलनीत घरी होतो. ओमायक्रॉनची लाट होती, वर्ग बंद होते, मुलं गावाहून आमच्या यंत्रांवर येऊन प्रकल्प करत होती. अकराच्या सुमारास माझ्या सहकारी मुलीचा फोन आला. "सर, पीकेएक्झेक." एवढंच म्हणाली.

का, ते सांगतो. दीड वर्षापूर्वी ती नवीन लागली तेव्हा तिने विचारलं होतं, "सर, हा प्रोग्राम आपण कधीच वापरत नाही. मग याच्याकडे रूटची किल्ली कशाला?" मी म्हणालो होतो, "इतकी वर्षं आहे, चाललंय ना? आहे ते राहू दे." मागच्या बाकावरचं उत्तर! फक्त या वेळी मी वर्गात पुढे उभा होतो.

काही तासांतच ही चूक वापरणारा तयार कोड सगळ्यांच्या हाती लागला. दुरुस्तीचं काम २७ तारखेला करता आलं असतं, सुट्टीच होती. आम्ही थांबलो नाही. पक्की दुरुस्ती बसेपर्यंतचा उपाय एका ओळीचा होता : मामांच्या हातातली किल्ली काढून घ्या. माझ्या नोंदवहीत ३८ यंत्रं होती. पहाटे तीनपर्यंत ३८ झाली. मी निवांत झोपलो.

२९ तारखेला तिसऱ्या वर्षाच्या एका विद्यार्थ्याचा मेल आला. "सर, प्रयोगशाळेतल्या जुन्या यंत्रावर मी रूट झालो. काही बिघडवलेलं नाही. फक्त एक फाइल ठेवली आहे, खात्रीसाठी." मी यंत्राचा क्रमांक बघितला. माझ्या वहीत तो नव्हता. कपाटामागचं एकोणचाळिसावं यंत्र! कधीतरी तात्पुरतं जोडलेलं, कुणी न मोजलेलं. त्यावर दोनशे विद्यार्थ्यांची खाती चालू होती.

मुलाला समितीपुढे उभं केलं गेलं. नियमाप्रमाणे गुन्हा स्पष्ट होता, आणि त्याने विचारून करायला हवं होतं हे मीही त्याला सुनावलं. पण समितीने मला विचारलं, "हे घडलं कसं?" तेव्हा दोन उत्तरं शक्य होती. "मुलाने घुसखोरी केली" हे पहिलं. तेही खोटं नव्हतं. मी दुसरं दिलं. म्हणालो, "यंत्र माझ्या यादीत नव्हतं. आणि हा प्रोग्राम काढावा असं मला दीड वर्षापूर्वी सांगितलं गेलं होतं, मी ऐकलं नाही." खोलीत बराच वेळ कुणी बोललं नाही. मुलाला ताकीद मिळाली, मला लेखी खुलासा द्यावा लागला. माझ्या नोकरीतलं ते सगळ्यात अवघड वाक्य होतं. ते बोलल्याचं वाईट वाटत नाही, बोलायला दीड वर्ष लागलं याचं वाटतं.

नंतर वाचत गेलो तेव्हा कळलं की मी एकटा नव्हतो. प्रोग्रामला पूर्ण रिकामी यादी देता येते, हे बरोबर नाही, असं मायकल केरिस्क यांनी २००८ मध्येच लिनक्सच्या लोकांना कळवलं होतं. म्हणजे पीकेएक्झेक जन्मायच्या आधी! दुरुस्तीवर एकमत झालं नाही. २०१३ मध्ये रायन मॅलन यांनी नेमक्या पीकेएक्झेककडे बोट दाखवलं. त्यातून आत शिरायची वाट त्यांना सापडली नाही, विषय तिथेच राहिला. ओपनबीएसडी नावाच्या दुसऱ्या प्रणालीत मात्र रिकामी यादी दाराशीच नाकारली जात होती. तिथे ही चूक चाललीच नाही. लिनक्सने या वर्षी मे महिन्यातल्या ५.१८ या आवृत्तीत बंदोबस्त केला : यादी रिकामी आली तर गाभाच तिच्यात एक कोरी नोंद घालतो. चौदा वर्षांनी.

इथे बसलेल्यांपैकी कुणी म्हणेल, आम्हाला याचं काय? तुमच्या खिशातल्या अँड्रॉइड फोनचा गाभा लिनक्सच आहे. आणि २०१७ च्या जूनमध्ये नोटपेट्या पसरलं तेव्हा न्हावाशेव्याला जेएनपीटीतलं एक टर्मिनल बंद पडलं होतं. त्या विषाणूची एक वाट विंडोजमधल्या अशाच मेमरीच्या चुकीतून जात होती. फोन 'अपडेट करू का' असं विचारतो तेव्हा 'नंतर' म्हणू नका, एवढं तरी माझं ऐका.

बदल होतो आहे. यादीबाहेरची ओळ मागितली तर ती न देणारी रस्ट नावाची भाषा याच महिन्यात लिनक्सच्या गाभ्यात आली. पण भाषा कितीही शहाणी असली तरी कपाटामागचं यंत्र ती मोजणार नाही, आणि नवीन मुलीचा प्रश्न ऐकून घेणार नाही. ते आपल्यालाच करावं लागेल.

आपल्या तुकडीने शाळेला कॉम्प्युटर दिले आहेत, त्यांची देखभाल मी अंगावर घेतली आहे. काल जाऊन यंत्रं स्वतः मोजली, यादी दाराच्या आत चिकटवली आणि नववीतल्या दोघींना सांगितलं की दर शनिवारी ती ताडून बघायची. त्यातली एक म्हणाली, "काका, आणि यादीत नसलेलं यंत्र सापडलं तर?"

बाई, मी हसलो नाही. तिला माझा फोन नंबर दिला.