पेन्शनच्या कागदातून वाडवडिलांचा शोध
(विहाराच्या वर्धापनदिनी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



 

कमिटीने आम्हाला सांगितले की, वर्धापनदिनाला घरी जाऊन उपयोगी पडेल असं काही बोला. म्हणून आम्ही मोठा विषय न घेता एक लहानसा विषय घेतला आहे. आपल्यापैकी पुष्कळ घरांत माळ्यावर एक पत्र्याची ट्रंक असते. तिच्या तळाशी आजोबा-पणजोबांचा डिस्चार्जचा कागद, पेन्शनचं बुक, एखादा बिल्ला पडलेला असतो. तो कागद कसा वाचावा आणि त्यातून आपल्या मागच्या पिढ्यांचा माग कसा काढावा, एवढंच आज बोलायचं आहे.

कोणी म्हणेल, मेलेल्या माणसांची नावं शोधून काय मिळणार? तर बंधूंनो, ज्यांच्या घराण्याच्या पिढ्या तीर्थक्षेत्रीच्या पुरोहितांच्या वह्यांत लिहून ठेवल्या आहेत, त्यांना हा प्रश्न पडत नाही. आपल्यासाठी अशी वही कोणी उघडली नाही. गावच्या दप्तरात आपलं नाव आलं ते बहुधा वतनाच्या कामापुरतं. येसकरी कोणाची आणि तक्षीम कोणाची, यापलीकडे त्या माणसाची चौकशी नाही.

लष्कराच्या पेन्शनचा कागद मात्र वेगळा. सरकारला दरमहा रोख पैसे द्यायचे होते. ते भलत्याच माणसाने उचलू नयेत म्हणून खरा माणूस ओळखणं भाग होतं. म्हणून त्या कागदावर नाव लिहिलं, बापाचं नाव लिहिलं, गाव, जिल्हा, जात, उंची, अंगावरच्या खुणा लिहिल्या. कपाळावर वण आहे, डाव्या हातावर तीळ आहे, हेसुद्धा लिहिलं. ज्याच्या सावलीचा गावाला विटाळ होत होता, त्याच्या अंगावरचा तीळ सरकारी कारकुनाने नोंदवून ठेवला. हे काही आपल्यावरच्या प्रेमाने केलं नाही, पैशाच्या हिशेबासाठी केलं. पण त्यामुळे आपला माणूस कागदावर माणूस म्हणून उभा राहिला.

आता थोडा इतिहास, कारण त्याशिवाय कोणत्या काळात कागद मिळेल आणि कोणत्या काळात मिळणार नाही, हे कळत नाही. कंपनी सरकारच्या मुंबई फौजेत आपली माणसं मोठ्या संख्येने होती. १ जानेवारी १८१८ रोजी कोरेगाव भीमाला लढलेली पलटण आदल्या रात्री शिरूरहून निघाली होती. शिरूर म्हणजे आपल्या पारनेर-श्रीगोंद्याच्या शिवेवरचं गाव, मध्ये फक्त घोड नदी. पुढे १८९२-९३ च्या सुमारास लढाऊ जाती आणि बिगर लढाऊ जाती असा भेद करून इंग्रजांनी महारांची भरती बंद केली. पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा १९१७ साली १११ वी महार पलटण उभी केली आणि युद्ध संपल्यावर १९२१ साली मोडून टाकली. दुसऱ्या महायुद्धात बाबासाहेबांच्या प्रयत्नांना यश आलं आणि १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला महार रेजिमेंटची पहिली बटालियन उभी राहिली.

म्हणजे हिशेब असा. पणजोबा १८९२ च्या आधी भरती झाले असतील तर त्यांच्या पेन्शनचा माग विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत लागू शकतो. मधली पंचवीस वर्षे जवळजवळ कोरडी. त्यानंतर १९१७ आणि मग १९४१. घरात सांगितली जाणारी हकीकत या वर्षांशी जुळते का, हे पहिल्यांदा पाहावं.

आता कागद कसा वाचायचा ते सांगतो.

पहिली गोष्ट नावाची. जुन्या कागदात आपलं आजचं आडनाव शोधू नका. ते बहुतेक वेळा शाळेच्या दाखल्यापासून सुरू झालं आहे. जुन्या काळी आपल्या माणसाच्या नावापुढे 'नाक' लागत असे आणि त्याच्यामागे बापाचं नाव, त्यालाही 'नाक'. कोरेगावच्या स्तंभावर जी नावं कोरली आहेत त्यांत अशी नाक लागलेली नावं आहेत. म्हणजे 'रायनाक येसनाक' असं लिहिलं असेल तर रायनाक हा शिपाई आणि येसनाक त्याचा बाप. एका ओळीत दोन पिढ्या मिळाल्या. म्हणून घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आडनाव विचारू नका, पणजोबांच्या बापाचं नाव विचारा. नाव आणि बापाचं नाव जुळलं की अर्धं काम झालं.

दुसरी गोष्ट गावाची. गोऱ्या साहेबाने कानाला आलं तसं गावाचं नाव इंग्रजीत लिहिलं. अहमदनगरचंच जुन्या कागदात 'अहमदनग्गर' झालेलं आहे. त्यामुळे अक्षर न बघता मोठ्यानं वाचून बघावं, मग गाव ओळखू येतं. शिवाय जिल्हाही फसवतो. नाशिक जिल्हा १८६९ साली वेगळा झाला. त्याआधीच्या कागदात जिल्हा अहमदनगर लिहिलेलं गाव आज नाशिक जिल्ह्यात निघू शकतं. आणि २०२४ साली आपल्या जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं, पण जुनं दप्तर मागताना अहमदनगर हेच नाव सांगावं लागेल, हे पोरांनी ध्यानात ठेवावं.

तिसरी गोष्ट वयाची. जन्मतारीख आपल्या माणसाला माहीत नव्हती. भरतीच्या वेळी साहेबाने अंदाजाने अठरा किंवा वीस लिहिलं. त्यावर भांडत बसू नये. भरतीची तारीख आणि नाव कमी झाल्याची तारीख मात्र पक्की धरावी.

चौथी गोष्ट आयाबायांची, आणि ही आम्हाला सगळ्यात मोठी वाटते. शिपाई मेल्यावर पेन्शन विधवेच्या किंवा आईच्या नावावर झाली असेल तर त्या कागदावर तिचं नाव येतं, अंगठा येतो. आमच्या माहितीच्या एका घरात पणजीला सगळे 'म्हातारी' एवढंच म्हणत. तिचं नाव घरात कोणालाच ठाऊक नव्हतं. पेन्शनच्या बुकात ते निघालं, खाली तिच्या डाव्या अंगठ्याची निशाणी. दर महिन्याला कचेरीपर्यंत चालत जाऊन, हयातीचा दाखला देऊन जिने चार पैसे आणले आणि लेकरं वाढवली, तिचं नाव आता त्या घरात पुण्यानुमोदनाच्या वेळी घेतलं जातं.

आता पेन्शनच नसेल तर? हेही समजून घ्या, नाही तर उगीच हेलपाटे होतात. शिपायाला पूर्ण पेन्शन मिळायला पंधरा वर्षं नोकरी लागते. दुसऱ्या महायुद्धात १९४१-४२ ला भरती झालेली हजारो माणसं युद्ध संपल्यावर घरी पाठवली. त्यांना थोडी रक्कम आणि डिस्चार्जचा कागद मिळाला, पेन्शन नाही. अशा माणसाचं नाव पेन्शनच्या नोंदीत सापडणार नाही. याचा अर्थ तो लष्करात नव्हता असा नाही. पेन्शन नसलेल्या शिपायाचे कागद पंचवीस वर्षांनी नष्ट करण्याचा लष्कराचा नियम आहे. राहतो तो 'लाँग रोल', म्हणजे नाव, नंबर आणि थोडक्यात माहितीची कायम नोंदवही. म्हणून अर्ज करताना 'लाँग रोलमधील नोंद मिळावी' असे शब्द घालावेत.

अर्ज कोठे करायचा? महार रेजिमेंटचा माणूस असेल तर तिचं अभिलेख कार्यालय मध्य प्रदेशात सागरला आहे. पण आपली सगळी माणसं महार रेजिमेंटमध्येच होती असं समजू नका. कोणी ड्रायव्हर होता, कोणी दवाखान्याच्या तुकडीत, कोणी दारूगोळ्याच्या डेपोत. प्रत्येक दलाचं अभिलेख कार्यालय वेगळं. आपल्या नगरला आर्मर्ड कोअरचं आहे, म्हणून काही लोक सरळ तिथं जातात. पण तिथं फक्त त्या दलाच्याच नोंदी. तेव्हा आधी डिस्चार्जच्या कागदावर पलटणीचं नाव आणि शिपायाचा नंबर पाहावा. पेन्शन चालू होती अशांसाठी पी.पी.ओ. नंबर महत्त्वाचा. लष्कराच्या पेन्शनचं मुख्य हिशेब कार्यालय अलाहाबादला, म्हणजे आताच्या प्रयागराजला आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या पेन्शन नसलेल्या सैनिकांना आणि त्यांच्या विधवांना राज्य सरकारने आर्थिक मदत दिली, ती जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत. तिथंही विचारावं.

त्याहून जुना शोध असेल तर मुंबई-पुण्याचं सरकारी पुराभिलेखागार आहे. कंपनीच्या आणि इंग्रजांच्या लष्कराचं पुष्कळसं दप्तर लंडनला ब्रिटिश लायब्ररीत गेलेलं आहे. आणि महायुद्धात जो माणूस मेला, त्याची नोंद कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनकडे असते. ती आता मोबाईलवर फुकट पाहता येते. तीत काही ठिकाणी बापाचं किंवा बायकोचं नाव आणि गावसुद्धा दिलेलं असतं. हे काम कॉलेजातल्या पोरापोरींनी करावं.

एक गोष्ट बिल्ल्याची. पहिल्या महायुद्धाचं चांदीचं पदक घरात असेल तर त्याची कड भिंगाखाली धरून बघा. तिथं शिपायाचा नंबर, नाव आणि पलटण कोरलेली असते. कागद कुजला तरी हे राहतं. चांदी म्हणून असली पदकं सोनाराकडे वितळवली गेली आहेत. दोन तोळे चांदीसाठी पणजोबांचं नाव मोडीत घालू नका.

आता दोन शब्द कडू वाटले तरी बोलतो. अलीकडे जो तो म्हणतो, आमचे पूर्वज कोरेगावला लढले. १ जानेवारी १९२७ ला बाबासाहेब त्या स्तंभाला वंदन करायला गेले, तेव्हापासून ती आपली स्फूर्तीची जागा आहे आणि राहील. ती सगळ्या समाजाची आहे. पण 'माझाच खापरपणजा तिथं होता' असं म्हणायचं तर पुरावा हवा. भगवंताचा धम्म 'एहिपस्सिको' आहे, या आणि पाहा असं सांगणारा आहे. जे पाहिलं नाही, तपासलं नाही, ते ठोकून देणं सम्यक वाचेत बसत नाही. तुमच्या पणजोबांनी एखाद्या छावणीत नुसता पहारा दिला असेल, खंदक खणले असतील. जे होतं ते सांगा. खऱ्या हमालाचा वंशज असणं खोट्या सरदाराच्या वंशजापेक्षा बरं.

दुसरं असं की, या कागदांवर जातीचा रकाना असतो. आपण १४ ऑक्टोबर १९५६ नंतर बौद्ध झालो. काहींना तो जुना शब्द बोचतो आणि ते कागद फाडून टाकावे वाटतात. कृपा करून तसं करू नका. जातीच्या दाखल्यासाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा मागतात. १९९० च्या कायद्याने बौद्धांना केंद्राच्या सवलती मिळाल्या तरी मूळ जात दाखवावीच लागते. १९४२ च्या डिस्चार्जवर जात आणि गाव दोन्ही असेल, तर नातवाच्या पडताळणीला तो कागद आधार देतो. आजोबांनी घाम गाळून मिळवलेला कागद नातवाची फी माफ करवतो, याहून मोठी इस्टेट कोणती?

आणि शेवटी या कागदाचं खरं मोल. गावात बलुतं मागावं लागे. दिलं तर घ्यायचं, नाही दिलं तर हात हलवत परत. पेन्शन हे हक्काचं रोख नाणं होतं. ते पाटलाच्या मर्जीवर नव्हतं. ज्या घरात हे नाणं आलं, तिथं पाटी-पेन्सिल आली. गोपाळबाबा वलंगकर हवालदार म्हणून निवृत्त झाले आणि १८८८ साली 'विटाळ विध्वंसक' लिहून त्यांनी धर्ममार्तंडांना जाब विचारला. सुभेदार रामजी सकपाळ यांनी लष्करी शाळेत मास्तरकी केली, आणि पेन्शनीत निघाल्यावरही पोटच्या पोराचं शिक्षण थांबू दिलं नाही. तो पोरगा म्हणजे आपले बाबासाहेब. म्हणून आम्ही म्हणतो, पेन्शनचा कागद शोधणं म्हणजे लढाईची बढाई मारणं नव्हे. आपल्या घरात कोणाच्या हाताने पहिल्यांदा बलुत्याची भाकर सुटली, तो हात शोधणं आहे.

तेव्हा आमची विनंती एवढीच. या वर्षावासात प्रत्येक घराने ट्रंक उघडावी. कागद प्लॅस्टिकमध्ये वितळवून लॅमिनेट करू नका, त्याने जुना कागद कायमचा जातो. झेरॉक्स काढा, फोटो काढा, मूळ कागद कोरड्या फडक्यात ठेवा. दर पौर्णिमेला विहारात एक वही ठेवू. तीत नाव, बापाचं नाव, गाव, पलटण, नंबर आणि आजी-पणजीचं नाव लिहू. ज्यांच्याकडे कागद नाही त्यांनी म्हाताऱ्या माणसांची आठवण लिहावी, फक्त 'ऐकीव' असं बाजूला लिहावं. सत्तर-ऐंशीच्या घरातली माणसं आज आपल्यात बसलेली आहेत. त्यांना आजच विचारा, उद्यावर टाकू नका.

आपली वही कोणी लिहिली नाही, ती आता आपणच लिहू. 

भवतु सब्ब मंगलं. जय भीम, जय भारत.