राणी मारियाचे स्मरण



पुण्यतिथी कशी साजरी करावी हे आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही. तसबिरीला हार, दोन भाषणे, शेवटी आभार, आणि मग पुढच्या वर्षापर्यंत तसबीर आपल्या खुंटीवर सुखी. आज मी ज्या बाईविषयी बोलणार आहे तिचे स्मरण तिच्या धर्मसंस्थेने थाटाने केले आणि तिच्या घरच्यांनी फार निराळ्या रीतीने केले. पण आणखी एका प्रकारचे स्मरण मागे पडण्याचा संभव आहे. मुख्यतः त्याविषयी मला बोलायचे आहे.

केरळातील एर्नाकुलम जिल्ह्यात पुल्लुवळी नावाचे गाव आहे. तेथे एका शेतकरी कॅथलिक कुटुंबात २९ जानेवारी १९५४ रोजी ही मुलगी जन्मली. १९७२ साली ती फ्रान्सिस्कन क्लारिस्ट संघाच्या मठात दाखल झाली आणि सिस्टर राणी मारिया झाली. उत्तर प्रदेशात बिजनौर, नंतर मध्य प्रदेश, असे करीत १९९२ साली ती देवास जिल्ह्यातील उदयनगरला आली. होळकरांच्या इंदुरामुळे तो मुलूख मराठी माणसाला अगदीच परका नाही. इंदूर सोडून घाटाकडे वळले की मात्र देखावा पालटतो. डोंगर, पावसावरची शेती, आणि वस्ती बहुतांशी आदिवासींची.

अशा मुलखात कर्ज कसे वाढते हे शेतकऱ्याच्या घरी जन्मलेल्याला समजावून सांगावे लागत नाही. शहरात राहणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. पाऊस तोंडावर येतो आणि घरात बियाणे नसते. ते आणायला पैसे लागतात, म्हणून गडी सावकाराच्या ओट्यावर जातो. पीक आले की तेच पीक त्याच सावकाराच्या मापाने, त्याच्याच भावाने घालावे लागते. व्याज फिटते, मुद्दल राहते. पुढच्या वर्षी पुन्हा तोच ओटा. कागदावर काय लिहिले आहे ते अंगठा उठवणाऱ्याला वाचता येत नाही. बाप मेला तर वारसा म्हणून मुलाला शेतही मिळते आणि खातेही.

हे दुखणे आपल्याला नवे नाही. १८७५ साली पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकरी उठले आणि त्यांनी सावकारांचे रोखे व वह्या जाळल्या. त्या आगीनंतर सरकारला जाग आली आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला. राणी मारियाने काहीही जाळले नाही. तिने माणसे एकत्र बसवली. थोडे थोडे पैसे साठवून अडल्यानडल्याला आपसांतच कर्ज द्यावे, सरकारी योजना काय आहेत ते समजून घ्यावे, बँकेच्या दारापर्यंत स्वतः जावे, आपली मजुरी किती ते विचारावे, एवढेच तिने शिकवले. पण ज्या दिवशी शेतकऱ्याला बियाण्याचे पैसे शेजाऱ्यांच्या डब्यातून मिळतात, त्या दिवशी ओट्यावर बसलेल्याचे एक गिऱ्हाईक तुटते. वही जाळली तर नवी लिहिता येते. गिऱ्हाईकच आले नाही तर वही उघडायची कशाला? म्हणून हे शांतपणे चाललेले काम काहींना आगीहून अधिक झोंबले.

२५ फेब्रुवारी १९९५ रोजी सकाळी ती उदयनगरहून इंदूरला जाणाऱ्या बसमध्ये बसली. वाटेत घाटात एका तरुणाने तिला सुऱ्याने भोसकले. गाडीत उतारू होते. कोणी आडवे आले नाही. ती तेथेच गेली. वय एकेचाळीस. जिथे तिने काम केले त्या उदयनगरच्याच मातीत तिला ठेवण्यात आले.

मारेकऱ्याला जन्मठेप झाली. आपल्याला या कामासाठी चिथावण्यात आले होते, असे त्याने पुढे स्वतः सांगितले. २००२ साली राणी मारियाची धाकटी बहीण त्याला तुरुंगात भेटली. तीही त्याच संघाची धर्मभगिनी. तिने त्याच्या मनगटाला राखी बांधली. त्याची सुटका व्हावी म्हणून कुटुंबाने खटपट केली, आणि २००६ साली तो सुटला. पुढे तो केरळात त्यांच्या घरी गेला तेव्हा म्हाताऱ्या आईने त्याचे हात हातांत घेऊन त्यांचे चुंबन घेतले. तेच हात! त्या माउलीच्या मनात त्या क्षणी काय असेल याचे वर्णन करण्याचे धाडस मी करणार नाही.

४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदूर येथे तिला ‘धन्य’ म्हणून घोषित करण्यात आले. कॅथलिक रिवाजात संतपदाच्या अलीकडची ही पायरी. एरवी या पायरीसाठी चमत्कार सिद्ध व्हावा लागतो. श्रद्धेसाठी प्राण दिलेल्या हुतात्म्याला ती अट नाही. तिला हुतात्मा मानण्यात आले. म्हणजे बचतीचा डबा आणि जपमाळ या तिच्या आयुष्यातल्या दोन निरनिराळ्या वस्तू नव्हत्या, असाच त्याचा अर्थ मी समजतो.

आता माझा मुद्दा. या कथेतील क्षमा एवढी तेजस्वी आहे की ऐकणाऱ्याचे डोळे तिथेच दिपतात. राखी लक्षात राहते, आईचे चुंबन लक्षात राहते; आणि ती मेली कशासाठी, हे हळूहळू विसरले जाते. क्षमेची कथा ऐकून आपण डोळे पुसतो व हलक्या मनाने घरी जातो, कारण ती आपल्याकडे काही मागत नाही. क्षमा ज्यांनी करायची त्यांनी केली. तो अधिकार त्यांचाच होता, आणि त्यांनी तो असा वापरला की जगाने मान खाली घालावी. पण सावकाराला क्षमा करून शेतकऱ्याचे खाते मिटत नाही. कुटुंबाने मारेकऱ्याला मोकळे केले. ज्या कर्जातून माणसे मोकळी व्हावीत म्हणून ती झटली, ते फेडायला कोणाच्या तरी हातांनी दर महिन्याला पैसे मोजावे लागतात, हिशेब लिहावा लागतो, बैठकीला न आलेल्याच्या घरी जावे लागते. हे काम कंटाळवाणे आहे. त्यावर कोणी गाणे रचीत नाही. तिने मात्र तेच केले.

आपणांपैकी बहुतेक तिच्या धर्माचे नसतील. त्याने काही अडत नाही. आपल्या जिल्ह्यात खेडी आहेत, खेड्यांत पावसाची वाट पाहणारी माणसे आहेत, आणि ओटेही आहेत. नावे व पाट्या बदलल्या असतील एवढेच. ज्याला लिहितावाचता येते त्याने शेजारच्या गावातील एका बचत गटाची वही महिन्यातून एकदा तपासून दिली, एका निरक्षर माणसाला सही करण्यापूर्वी कागद वाचून दाखवला, तरी राणी मारियाचे स्मरण पुष्कळ झाले असे मी म्हणेन. हार घालणारे घालतीलच. वही तपासणारे दोनचार या सभेतून निघाले तर हवे आहेत.