सांध्यांचे दुखणे आणि व्यायाम
(पिंगुळी येथे ज्युबिलीनिमित्त दिलेले व्याख्यान)



अशा मंगलप्रसंगी आम्ही गुडघ्यांविषयी बोलणार, हे ऐकून कित्येकांस हसू येईल. परंतु आज मिस्साच्या वेळी गुडघे टेकण्याची घंटा वाजली, तेव्हा मागील बाकांवरील बरीच मंडळी बसूनच राहिली. ही भक्तीची उणीव नव्हे. लावणीच्या चिखलात चाळीस पावसाळे वाकून काढलेल्या सांध्यांचे हे गाऱ्हाणे होय. आणि ज्या आयाबाया घरीच राहिल्या, त्यांची तर गणतीच नाही.

हे दुखणे आपल्याच गावचे आहे असे नव्हे. १९९६ साली पुणे जिल्ह्यातील भिगवण गावी डॉ. अरविंद चोप्रा व त्यांचे सहकारी यांनी जागतिक आरोग्य संघटनेच्या योजनेनुसार घरोघर चौकशी सुरू केली. ४,०९२ प्रौढांपैकी ७४६ जणांस, म्हणजे शेकडा अठरांस, सांध्यांचे वा स्नायूंचे दुखणे आढळले. त्यांत सांधे सुजवून विद्रूप करणारा खरा आमवात दोनशांत सुमारे एकासच होता.

दुखते तर निजून राहावे, ही समजूत केवळ आजीबाईंची नव्हती. जॉन हिल्टन या इंग्रज शस्त्रवैद्याचा विश्रांतीचे माहात्म्य सांगणारा ग्रंथ १८६३ साली निघाला, आणि पुढे पुष्कळ काळ वैद्यकाचा कल तिकडेच राहिला. आम्हीही तेच केले. मातोश्रींचे गुडघे सुजले, तेव्हा विहिरीचे पाणी, अंगणाची झाडलोट, सारे त्यांच्याकडून काढून घेतले आणि यालाच मातृसेवा मानले. दोन वर्षांत त्यांस बाजेवरून उठण्यास दोघांचे हात लागू लागले. सूज औषधाने केव्हाच उतरली होती. गेले होते ते मांड्यांचे बळ, आणि ते आम्हीच घालविले होते.

आपल्या गावच्या ठाकर कलावंतांची कळसूत्री बाहुली पेटीत कितीही दिवस निजली, तरी दोरी ओढताच नाचू लागते. मनुष्यदेहाचे तसे नाही. हाडांच्या टोकांवरील कूर्चेस रक्तवाहिन्या नसतात. भार पडेल व सुटेल तसा सांध्यातील द्रव तिच्यात झिरपतो, हेच तिचे अन्न होय.

व्यायामाने सांधे झिजतील, ही भीती मात्र खोटी ठरवावी लागली. हॉलंडमधील संशोधकांनी आमवाताच्या ३०९ रोग्यांच्या दोन तुकड्या केल्या. एकीस आठवड्यातून दोनदा सव्वा तास कसून व्यायाम दिला, दुसरीस नेहमीचेच उपचार, आणि हे दोन वर्षे चालविले. २००३ साली त्यांनी प्रसिद्ध केले की, व्यायाम करणाऱ्यांची कार्यशक्ती वाढली, आणि मोठ्या सांध्यांची हानी सर्वसाधारणपणे वाढली नाही. मात्र ज्यांचे मोठे सांधे आधीच फार बिघडलेले होते, त्यांनी जपावे, हेही त्यांनी प्रामाणिकपणे नोंदविले. अशांनी वैद्यास विचारल्यावाचून काही करू नये.

हृदयाचीही गोष्ट अशीच. लंडनच्या दुमजली बसगाड्यांत दिवसभर जिने चढणाऱ्या कंडक्टरांस बसून राहणाऱ्या चालकांपेक्षा हृदयविकार कमी होतो, असे १९५३ सालीच दिसून आले होते.

कोणी म्हणेल, आम्ही शेतात राबतोच की! राबणे निराळे, व्यायाम निराळा. एकाच अंगावर तासन्‌तास पडणारा भार थकवितो. मोजून वाढविलेला भार बळ देतो. हात न टेकता खुर्चीवरून पाच वेळा उठावे-बसावे, सोसेल तसे सात, दहा करावे. दुखणे दुसऱ्या दिवशीही वाढलेलेच राहिले, तर आकडा खाली आणावा. सांधा ऊन व सुजलेला असेल तर त्यावर भार घालू नये, आणि चालू असलेले औषध तर मुळीच सोडू नये.

आमच्या मातोश्रींनी याच रीतीने दोन वेळा उठण्यापासून आरंभ केला. गुडघे त्यांचे अजूनही टेकत नाहीत. परंतु गेल्या फेस्ताला त्या घरापासून देवळापर्यंत काठी घेऊन स्वतः चालत आल्या.

मांडवाच्या उजव्या बाजूस दहा खुर्च्या मांडून ठेविल्या आहेत. व्याख्यान संपल्यावर ज्यांची इच्छा असेल त्यांनी तेथे थांबावे. पहिल्या खुर्चीवर मातोश्री बसल्या आहेत.