मुलांचे ऑनलाईन खेळ : निवड कशी करावी?

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त भरलेल्या पालकसभेंत धर्मगुरूंनीं केलेलें भाषण)



या सभेंत मीं मुलांच्या मोबाईलवरील खेळांविषयीं बोलावें असें ठरलें, तेव्हां पुष्कळांस नवल वाटलें. एका गृहस्थांनीं तर सरळच विचारलें, "फादर, आपण हे खेळ कधीं खेळलां आहां काय?" होय, खेळलों आहें. गेले सहा महिने नित्यनेमानें खेळलों आहें, आणि बहुधा हरलों आहें. पन्नाशी उलटल्यावर ही विद्या मला कां शिकावी लागली तें आज तुमच्यापुढें सांगतों. कारण त्यांत चूक माझी होती.

गेल्या वर्षीं पावसाळ्यांत धर्मशिक्षणाचा वर्ग सुटल्यावर एक माउली आपल्या आठ वर्षांच्या मुलास घेऊन मजकडे आली. मुलास मोबाईलवर एक खेळ हवा होता. वर्गांतील सारे सोबती एकत्र जमून तो खेळतात, आपणच तेवढे बाहेर, अशी त्याची तक्रार होती. "फादर, हा खेळ याला द्यावा का?" एवढाच तिचा प्रश्न. मीं चष्मा लावून पाहिलें. खेळाच्या नांवाखालीं '७+' असा आंकडा होता. मुलाचें वय आठ. मीं म्हटलें, "द्यायला हरकत नाहीं." मुलानें आनंदानें माझा हात धरला तें मला अजून आठवतें.

चार महिन्यांनीं तोच मुलगा एके दिवशीं सर्व मुलें गेल्यावर ओट्यावर एकटा बसून राहिला. (हें मीं प्रायश्चित्त-संस्कारांत ऐकलेलें नव्हे, आणि त्याच्या आईबापांच्या संमतीनेंच मी येथें सांगत आहें.) त्याला एक शंका होती. एखाद्या मित्रानें "आईला सांगूं नकोस" म्हणून बजावलें आणि आपण आईला सांगितलें, तर तो वचनभंग होतो काय? मीं विचारलें, हा मित्र कोण, कोणत्या आळींतला? तर तो खेळांत भेटलेला. आपलें वय दहा म्हणून त्यानें सांगितलें होतें. त्यानें या मुलाला खेळांतील नाणीं दिलीं होतीं, एक पोषाख दिला होता, आणि आतां त्याला या मुलाचा शाळेच्या गणवेषांतला फोटो हवा होता.

फोटो अद्याप गेला नव्हता. मुलाची शंकाच त्याच्या मदतीस आली असें मी मानतों. आईपासून लपवावें असें जो सांगतो त्याला दिलेलें वचन हें वचनच नव्हे, असें मीं त्याला सांगितलें, आणि त्याचा हात धरून त्याच्या घरीं गेलों. ती माउली स्वतःला दोष देऊं लागली. बाई, "द्या" असें म्हणणारा मी होतों.

त्या खेळाचें नांव मी घेत नाहीं. कारण नांव सांगितलें तर तेवढा एक खेळ काढून टाकून तुम्ही निश्चिंत व्हाल. माझी चूक निराळी होती. आंकडा खोटा नव्हता. त्या आंकड्यानें ज्या प्रश्नाचें उत्तर दिलें नव्हतें, तें उत्तर मीं त्याच्यांत वाचलें. हे वयाचे आंकडे कोठून येतात तें मीं मागाहून समजून घेतलें. अमेरिकेंत १९९४ सालापासून आणि युरोपांत २००३ सालापासून खेळांस वयाचे शिक्के देणाऱ्या संस्था आहेत; आपल्या मोबाईलवर दिसणारा आंकडा बहुधा खेळ बनविणाऱ्यानें भरून दिलेल्या प्रश्नावलीवरून निघतो. खेळांत रक्त आहे काय, भय आहे काय, शिवीगाळ आहे काय, जुगार आहे काय, हें त्यांत पाहिलें जातें. परंतु ज्या खेळांत दुसरीं जिवंत माणसें भाग घेतात, तेथें तीं माणसें आपल्या मुलाशीं काय बोलतील हें कोणती संस्था आधीं सांगूं शकणार? अमेरिकेची संस्था तर खेळाडूंचा परस्परांशीं संपर्क होतो ही सूचना वयाच्या शिक्क्याखालीं वेगळी छापते. चित्रपटाचा दाखला चित्रपटापुरता असतो. शेजारच्या खुर्चीवर कोण येऊन बसेल तें त्यावरून कळत नाहीं.

शिवाय तो आंकडाही सर्वत्र एकच नसतो. माइनक्राफ्ट नांवाचा ठोकळ्यांचीं घरें बांधण्याचा खेळ तुमच्यापैकीं कित्येकांच्या घरीं आहे. त्याला युरोपांत ७ चा शिक्का आहे आणि अमेरिकेंत १० चा. मूल तेंच, खेळ तोच.

आतां थोडें आपल्या अंगणांत चला. लगोरी, लंगडी, आट्यापाट्या आपण सारे खेळलों. घरचें धाकटें भावंड "मलाही घ्या" म्हणून रडूं लागलें कीं आपण त्याला काय करीत होतों? लिंबूटिंबू! तें धांवे, ओरडे, भिडूंत उभें राही. पण त्याच्यावर राज्य येत नसे, त्याला कोणी जोरानें चेंडू मारीत नसे. हा नियम कोणीं लिहिला नव्हता. तो पाळला जाई, कारण लहान कोण हें सर्वांना डोळ्यांनीं दिसत होतें, आणि ओट्यावर आजी निवडायला तांदूळ घेऊन बसलेली असे. ऑनलाईन खेळांत दोन्ही गोष्टी नाहींत. तेथें लहान मूल लहान म्हणून दिसत नाहीं, आणि त्याहून वाईट म्हणजे मोठा मनुष्य लिंबूटिंबू होऊन येऊं शकतो.

म्हणून खेळ निवडतांना चित्रें किती गोंडस आहेत हें मागाहून पाहावें. पहिला प्रश्न हा कीं, या खेळांत माझ्या मुलाशीं कोण बोलूं शकतें? पूर्वीं क्लब पेंग्विन नांवाचा मुलांचा एक खेळ होता. तो २००५ सालीं निघाला व २०१७ सालीं बंद पडला. त्यांत पालकांना अशी व्यवस्था निवडतां येई कीं, मुलानें आधींच ठरवून दिलेल्या वाक्यांतूनच वाक्य निवडून बोलावें. स्वतःचें कांहीं लिहितां येऊं नये. मला ही कल्पना फार शहाणपणाची वाटते. आज तसें हवें असेल तर बुद्धिबळाचें लिचेस पाहा. हें फुकट आहे, त्यांत जाहिराती नाहींत, आणि त्यांत मुलांसाठीं एक 'किड मोड' आहे. तो चालू केला कीं सारें संभाषण बंद. समोर कोण बसला आहे तें ठाऊक नाहीं, पण तो घोडा आणि उंट यांच्याखेरीज दुसऱ्या कशानें आपल्या मुलाशीं बोलूं शकत नाहीं. (नागपूरच्या दिव्या देशमुखनें २०२५ सालीं महिलांचा विश्वचषक जिंकल्यापासून आपल्या वर्गांतील मुलींना बुद्धिबळ हा मुलांचा खेळ वाटेनासा झाला आहे, हा आणखी एक लाभ.)

दुसरी वाट म्हणजे ओळखीच्याच माणसांशीं खेळणें. आपल्या धर्मग्रामांतील एक गृहस्थ कुवेतला नोकरीस आहेत. येथें रात्रीचे नऊ वाजतात तेव्हां तेथें साडेसहा झालेले असतात. त्या वेळीं ते आणि त्यांची सात वर्षांची लेक लुडो किंग खेळतात. हा खेळ आपल्या नवी मुंबईंतच बनलेला, २०१६ सालचा. त्यांत खासगी खोली उघडून तिचा सांकेतिक क्रमांक फक्त बापाला द्यावयाचा. मग त्या डावांत तिसरा मनुष्य येत नाहीं. मुलगी मला म्हणाली, "पप्पा मुद्दाम हरतात, मला कळतं." त्याच खेळांत अनोळखी लोकांशीं खेळण्याचें दारही आहे; तें उघडूं नये. माइनक्राफ्टचेंही तसेंच. एकाच घरांतील वायफायवर दोघां भावंडांनीं मिळून घर बांधावें, किंवा पालकांनीं पैसे भरून दहापर्यंत निमंत्रितांचें खासगी जग घ्यावें. पण सार्वजनिक सर्व्हरवर गेलें कीं तोच खेळ चव्हाट्यावरचा होतो. खेळ चांगला कीं वाईट असें विचारण्यापेक्षां, कोणतें दार उघडें आहे हें विचारावें.

रोब्लॉक्सविषयीं मला सर्वांत जास्त विचारतात, म्हणून थोडें विस्तारानें सांगतों. हा एक खेळ नव्हे. २००६ सालीं सुरू झालेला तो एक बाजार आहे. तेथें लोकांनीं स्वतः बनविलेले असंख्य खेळ मांडलेले असतात. बाजार चांगला कीं वाईट, या प्रश्नाला उत्तर नाहीं. कोणत्या दुकानांत गेलां तें पाहावें लागतें. २०२४ च्या नोव्हेंबरांत त्या कंपनीनें तेरा वर्षांखालील मुलांना खेळाबाहेर खासगी निरोप पाठविण्याची सोय मुळांतच बंद ठेवण्याचें ठरविलें, आणि २०२६ च्या जानेवारीपासून, गप्पा मारावयाच्या असल्यास आधीं वय तपासून घेण्याची अट जगभर लागू केली. चांगलें झालें. पण बाजार भरूं लागल्यावर वीस वर्षांनीं वेशीवर पहारेकरी आला, हेंही लक्षांत असूं द्यावें.

आणखी एक उदाहरण. फोर्टनाइटच्या कंपनीनें २०२२ च्या डिसेंबरांत अमेरिकन सरकारच्या व्यापार आयोगाशीं तडजोड करून ५२ कोटि डॉलर देण्याचें मान्य केलें. त्यांतील आरोपांपैकीं एक असा कीं, मुलांचा अनोळखी लोकांशीं बोलण्याचा मार्ग खेळ उतरवून घेतांनाच चालू ठेवलेला असे. आपण तो बंद करावयाचा. आपल्याला वाटतें, कंपनीनें ठेवलें आहे तें योग्य तेंच असेल. असें समजूं नका. खेळ मुलाच्या हातीं देण्यापूर्वीं सेटिंगमध्यें स्वतः जाऊन पाहा.

आणि येथें मला तुमच्यावर थोडें रागवावयाचें आहे. मुलाचें खातें उघडतांना जन्मवर्ष विचारतात, तेव्हां "कटकट नको" म्हणून आपण काय करतों? आठ वर्षांच्या मुलाला अठराचा करतों! मग मुलांसाठीं ठेवलेलें प्रत्येक कुंपण त्याच क्षणीं गळून पडतें; कारण कंपनीच्या लेखीं तें मूलच राहत नाहीं. बाप्तिस्म्याच्या नोंदवहीसाठीं जी जन्मतारीख तुम्ही मला देतां, तीच तेथेंही द्या.

बंदुकांच्या खेळांविषयीं मी वेळ घेत नाहीं. ते या वयासाठीं नाहींत, मग थोरला भाऊ खेळत असला तरी. पैशांविषयीं मात्र एक शब्द. पैसे लावून खेळण्याच्या ऑनलाईन खेळांवर आपल्या संसदेनें २०२५ च्या ऑगस्टमध्यें कायद्यानें बंदी घातली. पण खेळांतील पोषाख आणि नाणीं विकत घेणें ही निराळी गोष्ट आहे. ती चालूच आहे. मुलाच्या हातांतील मोबाईलवर आपलें बँकेचें कार्ड जोडून ठेवूं नका. ज्या मुलाला नाणीं हवीं असतात त्याला तीं भेट देणारा मनुष्यही सांपडतो. तें आपण ऐकलेंच.

वेळेचा प्रश्न सर्वजण विचारतात. जागतिक आरोग्य संघटनेनें २०१९ सालीं असें सांगितलें कीं, दोन ते चार वर्षांच्या मुलांनीं बसून पडदा पाहण्याचा वेळ दिवसाला एका तासाहून अधिक नसावा. कमी असल्यास उत्तमच. माझ्या मतें पांच वर्षांखालील मुलाला ऑनलाईन सोबत्यांची गरजच नाहीं. त्याहून मोठ्या मुलांच्या बाबतींत एक बारीक गोष्ट मला खेळूं लागल्यावरच कळली. अनेकांनीं मिळून खेळण्याचा डाव मध्येंच थांबवितां येत नाहीं. आई जेवायला हांक मारते आणि मुलगा उठत नाहीं, तेव्हां तो हट्टी असतोच असें नाहीं. तो उठला तर त्याचे तीन भिडू हरणार असतात. आपणही लहानपणीं राज्य अर्ध्यावर टाकून घरीं गेलों नाहीं. म्हणून ज्या खेळाचा डाव दहा मिनिटांत संपतो असा खेळ घ्यावा, आणि "बंद कर" असें न म्हणतां "हा डाव शेवटचा" असें म्हणावें. मीं हें दोन घरांत सुचविलें. भांडणें संपलीं नाहींत, पण निम्मीं झालीं असें त्या आया सांगतात.

संध्याकाळीं आठच्या विरार लोकलनें दमून घरीं येणाऱ्या आईबापांना मी हें सारें सांगत आहें, याची मला जाणीव आहे. आजी आतां ओट्यावर नसते. पुष्कळ ठिकाणीं ओटाही नाहीं. तरीही कोणताही नवा खेळ मुलाला देण्यापूर्वीं तीन संध्याकाळ स्वतः त्याच्या शेजारीं बसून खेळावा, एवढें मागणें जास्त नाहीं. खेळ समोरच्या खोलींत व्हावा, कानांत यंत्र न घालतां, म्हणजे बोलणारा कोण तें सर्वांना ऐकूं येतें. आणि कांहीं बिघडलेंच, तर मुलावर ओरडूं नका. संभाषण पुसून टाकूं नका, तोच पुरावा असतो. १०९८ हा मुलांच्या मदतीचा फोन रात्रंदिवस चालू असतो, आणि सायबर गुन्ह्यांची तक्रार सरकारच्या संकेतस्थळावरही नोंदवितां येते. त्या माउलीनें तक्रार नोंदविली. गांवांत नांव होईल म्हणून ती थांबली नाहीं.

तो मुलगा आतां रविवारीं मिस्सेनंतर माझ्याशीं बुद्धिबळ खेळतो, आणि त्याची धाकटी बहीण मोबाईलवर लिचेस उघडून शेजारीं बसते. तिला अजून सोंगट्यांची नांवें नीट येत नाहींत. ती आमची लिंबूटिंबू.

येत्या शनिवारीं सायंकाळीं पांच वाजतां शाळेच्या सभागृहांत तरुण मंडळींतील चौघे-पांच जण बसणार आहेत. ज्यांना ही सेटिंगें लावतां येत नाहींत त्यांनीं आपला मोबाईल घेऊन यावें. चार्जर आणावा. आणि ज्याचा तो खेळ आहे तें मूलही बरोबर आणावें. कारण बटण कोठें आहे तें बहुधा त्यालाच ठाऊक असतें.