दोन जुन्या वेगवान मोटारींची पारख

हौसेची वस्तु घेतांना मन आधींच निकाल देऊन बसतें आणि बुद्धीला मागाहून कारणें शोधावयास लावतें. जुन्या वेगवान मोटारीच्या बाबतींत हा मोह विशेष बळावतो. मेहकर, लोणार व सिंदखेड राजा या तालुक्यांतून समृद्धि महामार्ग गेल्यापासून बुलढाणा जिल्ह्यांत अशा मोटारींची ओढ वाटणें स्वाभाविक आहे. परंतु त्या सरळ रस्त्यावरही ताशीं १२० किलोमीटरांची मर्यादा आहे. तेव्हां केवळ वेगाच्या आंकड्यांवरून निवड करणें व्यर्थ होय.

पुणें जिल्ह्यांतच तयार झालेल्या दोन मोटारींचें उदाहरण घ्यावें. रांजणगांवची फियाट पुंटो अबार्थ २०१५ मध्यें आली. तिचें टर्बो इंजिन १४५ अश्वशक्तीचें, पांच गिअर हातानें बदलावयाचे आणि चारही चाकांना डिस्क ब्रेक. चाकणची फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय २०१३ मध्यें आली. तिची शक्ति १०५. मात्र सात गिअर दोन क्लचांच्या योगानें आपोआप बदलतात. कागदावर पहिली सरस ठरते.

पण जुनी मोटार कागदावर चालत नाहीं. पुंटोचें उत्पादन २०१९ मध्यें थांबलें. म्हणून सुटा भाग कोठून व किती दिवसांत येईल, हें पैसे देण्यापूर्वींच विचारावें. पोलोचें उत्पादनही २०२२ मध्यें संपलें. पण तिची खरी चिंता गिअरची. गर्दींत रखडत चालल्यानें तिचे कोरडे क्लच झिजतात, आणि त्या यंत्रणेची दुरुस्ती खर्चाची असते.

दोन्ही मोटारी एकाच दिवशीं, एकाच चालकानें, राजूर घाटांत चालवून पाहाव्या. इंजिन थंड असतांनाच सुरू करावें. निळसर धूर निघाल्यास तें तेल जाळीत आहे असें समजावें. चढावर थांबून पुन्हां निघतांना पोलो हिसके देते काय, हें पाहावें. चढणीवर इंजिनाचें बळ कळतें. उतरणीवर मोटारीची प्रकृति कळते. ब्रेक दाबतांच सुकाणूचें चाक थरथरलें, तर डिस्क तपासून घ्याव्या.

टायरच्या कडेवरील चार आंकडेही वाचावे. ३२१९ म्हणजे २०१९ सालचा बत्तिसावा आठवडा. नक्षी शाबूत दिसली तरी वयानें रबर कडक होतें. आणि उन्हाळ्यांत तापलेल्या काँक्रीटवर भर वेगांत टायर फुटला, तर प्रश्न पैशांचा राहत नाहीं, घरच्या माणसांच्या जिवाचा होतो.

शेवटीं नोंदणीपुस्तक, कर्जाचा बोजा व दुरुस्तीच्या पावत्या पाहाव्या. ज्या मोटारीचा पूर्वेतिहास पावत्यांनिशीं सांगतां येतो आणि जी जाणणारा कारागीर जवळ आहे, ती चाळीस अश्वशक्तींनीं उणी असली तरी श्रेयस्कर. दोन्ही या कसोटीस उतरल्या नाहींत, तर पैसे गांठीला ठेवून परत यावें. तोही सौदा फायद्याचाच होय.